भावाला बोनमॅरो देतेय. आधी दिलेल्यांनी, त्यांच्या घरच्यांनी लिहा प्लीज

लेडीज स्पेशल
१४ जून, रात्री ११.५२

सहा वर्षं इथे नुसती वाचतेय. मालिकांची पिसं काढणाऱ्या धाग्यांवर दोन-चार वेळा हसले असेन, तेवढंच. आज लिहितेय, कारण हे घरात बोलायची सोय नाही.

धाकटा भाऊ, वय २२. इथे पिंट्या म्हणते, त्याला कळलं तर मारेल. मार्चमध्ये दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके, डास चावल्यासारखे पण न खाजणारे. जिना चढताना धाप. आम्ही म्हटलं, शेवटच्या वर्षाची जागरणं. जवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दीड महिना त्यात गेला. आई रोज बीट किसत होती. मेमध्ये एका रात्री नाकातलं रक्त दोन तास थांबेना, तेव्हा रिक्षात घालून नेलं. हिमोग्लोबिन ४.८, प्लेटलेट ७ हजार, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ३१०. कुणीतरी म्हणालं डेंग्यू असेल, आणि मी मनात म्हटलं, देवा, डेंग्यूच असू दे. काय काय मागतो माणूस.

डेंग्यू नव्हता. कमरेच्या हाडातून मॅरो, म्हणजे रक्त तयार करणारा हाडातला मगज, काढून तपासली तर जवळजवळ रिकामी, पेशींच्या जागी चरबी. सिव्हिअर अप्लास्टिक अॅनिमिया. कॅन्सर नाही असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, तरी आमच्या मजल्यावर सगळे कॅन्सरच म्हणतात आणि आवाज खाली आणून म्हणतात.

भावंडं आम्ही दोघंच. माझी एचएलए तपासणी केली, म्हणजे दोघांच्या पेशींच्या ओळखखुणा जुळतात का ती, मी पूर्ण जुळले. रक्तगट तेवढा वेगळा, त्याचा बी, माझा ओ. ट्रान्सप्लांट जुलैत.

आता अडचण. लग्नाला सात महिने झालेत. नवरा पाठीशी आहे. सासूबाईही वाईट नाहीत हो, पण त्यांच्या बहिणीने डोक्यात भरवलंय की कण्यात सुया घालून मगज काढतात आणि मग बाईला मूल राहत नाही. मला कुणी काही बोलत नाही. नवऱ्याला बोलतात आणि मला भिंतीतून ऐकू येतं. दीड खोलीत भिंतीला कान नाही, अख्खं तोंड असतं.

दुखतं किती, रजा किती दिवस टाकू, पुढे मूल व्हायला खरंच काही अडचण येते का, हे सांगा. आणि एक डॉक्टरांना विचारायची लाज वाटली: नाही जमलं, तर ते माझ्या पेशींचं अपयश धरायचं का?


आबा चिंचपोकळी
१५ जून, सकाळी ६.१०

मी दिलीय, बहिणीला, बरीच वर्षं झाली. सैल कपडे घेऊन जा, नाडीच्या घट्ट सलवारी नकोत. आठ-दहा दिवस लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसू नकोस, काठ बरोबर तिथेच टोचतो. बाकी इथले डॉक्टर सांगतील.


रातराणी
१५ जून, सकाळी ९.३१

लेस्पे, तुला घट्ट मिठी. माझा आतेभाऊ याच आजारातून गेलाय, आज कॉलेजात शिकवतो. एक विचारू? औषधांनी बरं होत नाही का? त्याला भाऊबहीण नव्हती तेव्हा घोड्याच्या रक्तापासून केलेलं कसलंतरी इंजेक्शन दिलं होतं. डायरेक्ट ट्रान्सप्लांट का?


बिनसाखरेचा
१५ जून, दुपारी २.४५

मी रक्तविकारांच्याच शाखेत काम करतो. तुमचा डॉक्टर नाही, त्यामुळे पिंट्याच्या डोसबद्दल एक शब्द बोलणार नाही. बाकी विचारा.

आधी सासूबाईंचं, कारण घरात तेच पेटलंय. कण्याचा यात काही संबंध नाही. मॅरो घेतात ती ओटीपोटाच्या हाडातून, पाठीमागे, जिथे कमरेवर दोन खळ्या दिसतात तिथून. पूर्ण भूल देतात, पालथं झोपवतात, त्याच दोन-चार छिद्रांतून सुई पुन्हा पुन्हा आत घालून थोडी थोडी ओढतात. तासाभराचं, फार तर दोन तासांचं काम. देणाऱ्याच्या वजनाच्या हिशेबाने साधारण लिटरभर निघते. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यात रक्तही मिसळलेलं असतं आणि काही आठवड्यांत शरीर ती भरून काढतं. गर्भाशय, अंडाशय यांना कुणी हातही लावत नाही. मूल होण्यावर परिणाम नाही. मात्र देण्याच्या वेळी तुम्ही गरोदर नसणं आवश्यक आहे, आधी चाचणी करतील. सासूबाईंना हे सांगताना घाईघाईत सांगू नका.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. भूल आहे, चारआठ दिवस कंबर अवघडते, हिमोग्लोबिन थोडं उतरतं. म्हणून एक आग्रह: तुम्हाला तपासणारा डॉक्टर पिंट्याच्या टीममधला नको, वेगळा मागा. त्याचं लक्ष फक्त तुमच्यावर असायला हवं. आणि तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगतो. फक्त नाही म्हणायचं तर आत्ता. एकदा त्याची ट्रान्सप्लांटपूर्व औषधं सुरू झाली की परतीची वाट नसते.

रातराणी, ते घोड्याचं इंजेक्शन म्हणजे एटीजी. या आजारात बहुतेक वेळा स्वतःच्याच टी पेशी मॅरोतल्या मूळ पेशींवर उलटलेल्या असतात. एटीजी आणि सायक्लोस्पोरिन त्यांना आवरतात, हल्ली जोडीला एल्ट्रोम्बोपॅगही देतात. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना गुण येतो, पण त्याला तीन ते सहा महिने लागतात, काहींचा आजार उलटतो आणि काहींच्या मॅरोत वर्षांनी वेगळेच बिघाड उभे राहतात. म्हणून वय चाळिशीच्या आत आणि भावंड पूर्ण जुळलेलं असेल तर आधी ट्रान्सप्लांट. जुळणारं भावंड नसेल, वय जास्त असेल, तर सहसा आधी एटीजी. तुमच्या आतेभावाचं तेच झालं.


शंकेखोर
१५ जून, दुपारी ३.२०

एकुलती एक बहीण आणि तीच जुळली म्हणजे लॉटरी की हो. शक्यता किती असते?


बिनसाखरेचा
१५ जून, दुपारी ३.५२

प्रत्येक सख्ख्या भावंडामागे चारात एक. आईकडून एक संच, बापाकडून एक, दोन्ही तेच यायला हवेत. आजोबांना सात भावंडं होती तेव्हा ही शाखा असती तर दाते अंगणात खेळत असते. आता घरात दोन मुलं, आपली शाखा त्या हिशेबात फसते. मग दात्रीसारख्या नोंदणी संस्थांत परका दाता शोधा, नाहीतर आईबापांपैकी कुणाची अर्धी जुळणारी मॅरो घ्या. अर्ध्या जुळणीचे ट्रान्सप्लांटही आता होतात, पण पूर्ण जुळलेलं भावंड असताना तिकडे कुणी जात नाही.

लेडीज स्पेशल, तीन गोष्टी तपासून घ्या. एक, फॅन्कोनीची चाचणी झाली का. हा जन्मजात प्रकार कधी कधी विशीतही प्रथमच कळतो. त्यात नेहमीच्या डोसची औषधं सहन होत नाहीत आणि तो भावंडांतही असू शकतो, म्हणजे दात्यातही. दोन, पीएनएचची चाचणी, हा लाल पेशी फुटण्याचा आजार याच्या जोडीने असू शकतो. तीन, घरच्या कुणाचंही रक्त किंवा प्लेटलेट त्याला चढवू देऊ नका. तुमचं तर अजिबात नाही. त्याचं शरीर तुमच्या पेशी आधीच ओळखायला शिकलं तर ट्रान्सप्लांट नाकारण्याचा धोका वाढतो. त्याला मिळणारं रक्त किरणोत्सर्ग दिलेलं आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं असावं.


लेडीज स्पेशल
१५ जून, रात्री १०.०५

वडील परवाच रक्त द्यायला निघाले होते. ब्लड बँकेतल्या मुलीने परत पाठवलं. बाबा तिच्यावर भडकले होते. उद्या तिला पेढे देऊन यायला सांगते.

फॅन्कोनीचे नमुने केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटोलॉजीच्या राष्ट्रीय संस्थेत गेलेत, माझेही. पीएनएच झाली, नाही म्हणाले.


निसर्गधारा
१६ जून, सकाळी ८.००

ताई घाबरू नका, पपईच्या पानांचा रस सकाळ-संध्याकाळ, गव्हांकुर, आणि आमच्याकडे स्टेम सेल वाढवणारी पावडर

(जाहिरात उडवली आहे. – संपादक)


शंकेखोर
१६ जून, सकाळी ८.४०

संपादकांनी थोडी उशिरा उडवायला हवी होती, पावडरीचा भाव बघायचा राहिला.


बिनसाखरेचा
१६ जून, सकाळी ९.१५

भाव बघून हसू येणार नाही. गावाकडचे लोक जमिनी विकून असल्या 'स्टेम सेल थेरपी'ला जातात, गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळ्याला. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसारख्या मान्य कारणांसाठीचं हे ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी वापर फक्त रीतसर संशोधनातच करता येतो. आणि एएनसी ३१० असलेल्या पोराला कच्चा रस पाजणं म्हणजे जंतू पाजणं.


वाशीची आजी
१६ जून, दुपारी १२.३०

मुली, माझ्या नातवाचं झालंय, सहा वर्षं होतील. राहायची सोय नसलेल्यांसाठी लिहिते: परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा. चिठ्ठी लागते आणि यादीही लांब असते, म्हणून दाखल व्हायच्या आधीच नाव घालायचं. पैशांचं म्हणशील तर खाजगीत खर्च दोन आकडी लाखांत जातो. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला गाठ, लाजू नकोस, तो हक्क आहे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही आधी टाक. शस्त्रक्रिया झाल्यावर कागद नेले की लोक हळहळतात आणि परत पाठवतात. लहान मूल असेल तर बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोनमॅरोचं केंद्रही विचारून ठेवावं.

घराशेजारी पुनर्विकासाचं पाडकाम चालू आहे का ते बघ. आम्हाला चार महिने खारघरला भाड्याने राहावं लागलं, कारण धुळीतली बुरशी फुप्फुसात बसते म्हणाले.


लेडीज स्पेशल
१६ जून, दुपारी १२.५८

आजी, मागची अख्खी चाळ पाडतायत. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.


सुतारपक्षी
१६ जून, रात्री ९.२०

थोडं अवांतर. आपल्या देशातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट याच शहरात झालं, टाटा मेमोरियलमध्ये, १९८३ साली. डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, जे स्वतः लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून काम करत. आजार वेगळा होता, ल्युकेमिया. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी आणि देणारा तिचा भाऊ. तुमच्याकडे उलट.


लेडीज स्पेशल
११ जुलै, रात्री ११.३०

खूप दिवसांनी. फॅन्कोनी नाही, दोघांनाही. पिंट्या १५ ला दाखल होतोय. २४ ला मी देणार.

सासूबाईंना घेऊन गेले डॉक्टरांकडे. बिनसाखरेचा, तुम्ही म्हणालात तसा माझा डॉक्टर वेगळा मागितला. एक बाई मिळाल्या, मराठीच. सासूबाईंनी तासभर प्रश्न विचारले, त्यातले अर्धे स्वतःच्या गुडघ्याबद्दल. घरी येताना टॅक्सीत एवढंच म्हणाल्या, मावशीला मी बघते. काल मावशींचा फोन आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बोलल्या, आणि या वेळी भिंतीतून आलं ते ऐकून मी तोंडात पदर कोंबला.


रातराणी
१२ जुलै, सकाळी ७.४०

काय म्हणाल्या ते सांग ना! अर्धवट गॉसिप हा गुन्हा आहे.


लेडीज स्पेशल
१२ जुलै, सकाळी ८.१५

"तुझी सून कधी कुणाला वाटीभर साखर तरी देते का?" एवढंच लिहिण्यासारखं आहे.


शंकेखोर
१२ जुलै, सकाळी १०.०२

माझा एक बाळबोध प्रश्न. आता तर हातातल्या रक्तातूनही स्टेम सेल काढतात ना, प्लेटलेट काढल्यासारख्या? मग हे हाडात सुया घालायचं जुनं तंत्र कशाला?


बिनसाखरेचा
१२ जुलै, दुपारी १.२५

बाळबोध नाही, नेमका आहे. चार-पाच दिवस जीसीएसएफची इंजेक्शनं देऊन पेशी रक्तात उतरवायच्या आणि यंत्राने वेगळ्या करायच्या, हे देणाऱ्याला सोपं. पण त्या पिशवीत प्रौढ टी पेशी कितीतरी जास्त असतात. ल्युकेमियात त्यांचा उपयोग होतो, उरलेल्या कर्करोगी पेशी त्या हेरतात. अप्लास्टिकमध्ये हेरायला शत्रूच नाही. मग त्या रिकामटेकड्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर चालून जातात. याला जीव्हीएचडी म्हणतात. म्हणून या आजारात हाडातली मॅरो बरी. देणाऱ्याची कंबर दुखते, घेणाऱ्याची पुढची वर्षं वाचतात.


लेडीज स्पेशल
२५ जुलै, दुपारी ४.४०

दिली. पालथं झोपवलं म्हणे, मला काही आठवत नाही. उठले तेव्हा घसा दुखत होता आणि कमरेत कुणीतरी वरवंटा ठेवलाय असं वाटत होतं. आबा, नाडीचं बरोबर होतं.

पिंट्याच्या खोलीत काचेतून बघितलं. तयारीच्या औषधांनी आठवडाभर हैराण होता. त्या औषधांत एटीजीही होतं, त्याच्या पहिल्या दिवशी एवढी थंडी वाजली की पलंग हलत होता. मला वाटलं होतं की ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन असेल. काही नाही हो. गर्द लाल पिशवी, छातीतल्या नळीतून थेंब थेंब, रक्त चढवतात तसंच. तो मोबाईलवर मॅच बघत होता. मी एवढ्या सुया खाल्ल्या आणि हा मॅच बघतोय.


लेडीज स्पेशल
३० जुलै, सकाळी ७.०५

तातडीचं आहे. पिंट्याला आज एसडीपी, म्हणजे यंत्राने एकाच दात्याकडून काढलेली प्लेटलेट, हवी, बी पॉझिटिव्ह दाता. ठरलेले दोघे अडकलेत, सायनला रुळांवर पाणी आहे. परळपर्यंत पोचू शकणारं कुणी आहे का? ७२ तासांत अॅस्पिरिन घेतलेली नसावी. दोन-अडीच तास लागतील.


शंकेखोर
३० जुलै, सकाळी ७.११

मी बी पॉझिटिव्ह. लोअर परळलाच आहे, चालत निघतो. पण तुम्ही ओ आहात ना? मग त्याला आता ओ लागायला हवं.


बिनसाखरेचा
३० जुलै, सकाळी ७.२०

लाल पेशी ओच्याच द्यायच्या, प्लेटलेट मात्र बीच्या. प्लेटलेटसोबत प्लाझ्मा जातो, आणि ओ गटाच्या प्लाझ्मात बीविरुद्ध प्रतिपिंडं असतात. ही गडबड व्हॉट्सअॅपच्या निरोपांत हमखास होते. तुम्ही चला.


सुतारपक्षी
३० जुलै, सकाळी ७.२४

मीही बी. भायखळ्याला आहे, निघालो. एकाची शीर सापडली नाही तर दुसरा हवाच.


शंकेखोर
३० जुलै, दुपारी १२.५०

दिली. शीर सापडली. सुतारपक्षींना बाहेर बसवून चहा पाजला. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा देता येते म्हणे, नाव लिहून आलोय. वरच्या पावडरवाल्याला कुणीतरी कळवा.


लेडीज स्पेशल
१४ ऑगस्ट, रात्री १०.४८

एएनसी ५४०. सलग तिसरा दिवस पाचशेच्या वर. सिस्टर म्हणाली, काउंट आले. आई फक्त "आले का" एवढंच म्हणाली, पाहुणे आल्यासारखं.


रातराणी
१४ ऑगस्ट, रात्री १०.५०

आले!!!


लेडीज स्पेशल
२९ ऑगस्ट, रात्री १.३५

तळहात लाल झालेत त्याचे. कानाच्या पाळ्या, मान. कातडीचा तुकडा तपासला, जीव्हीएचडी आहे. स्टेरॉइड सुरू केलंय. डॉक्टर म्हणतात, सौम्य आहे, आवरेल.

मला पहिल्या पानावरचा माझा प्रश्न आठवतोय. त्या माझ्या पेशी आहेत ना? म्हणजे मीच खातेय त्याला.


आबा चिंचपोकळी
२९ ऑगस्ट, पहाटे ४.२०

बाळ, मी त्या दिवशी नाडी आणि चौथी सीट एवढंच लिहिलं, कारण पुढचं लिहिलं असतं तर तू घाबरली असतीस.

माझी बहीण राहिली नाही. सत्तराव्या दिवशी गेली, फुप्फुसातल्या जंतुसंसर्गाने. पेशी माझ्या होत्या. दोन वर्षं मी आरशात बघून दाढी केली नाही, न्हाव्याकडे जायचो. लोकांना वाटायचं, शोक आहे. शोक होताच, पण मला वाटायचं की माझ्यात काहीतरी नासकं होतं ते तिच्यात गेलं. एकदा तिच्याच डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, तुमच्या पेशी तिच्यात रुजल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात काउंट आले होते, विसरलात का? तुमचं काम झालं होतं. जंतू तुमचा नव्हता.

मी खरंच विसरलो होतो. तिचे काउंट आले त्या दिवशी तिने चकली मागितली होती, हेही विसरलो होतो.

तुझ्या पेशींना घर नवं आहे. तळहात लाल आहेत म्हणजे तुझ्या पेशी तिथे आहेत. त्यांना आवरायचं काम औषधाचं, तुझं नाही. झोप आता.


बिनसाखरेचा
२९ ऑगस्ट, सकाळी ८.००

आबांच्या खाली लिहायची माझी पात्रता नाही. फक्त वैद्यकीय भाग: पुरळ किती भागावर आहे ते रोज बघतील, जुलाब सुरू झाले किंवा डोळे पिवळे दिसले तर रात्र असली तरी कळवा. सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वेळेवर तपासली जातेय ना? आणि येत्या गणपतीत पपनस घरात आलं तर त्याला देऊ नका, त्याने ती पातळी वाढू शकते.


लेडीज स्पेशल
१६ सप्टेंबर, रात्री ९.१२

पुरळ उतरलं. स्टेरॉइड हळूहळू कमी करतायत. वाशीच्या आजींच्या सल्ल्याने खारघरला खोली घेतली. गणपतीला घरी कुणी आलं नाही, व्हिडिओवर आरती. पपनस सासूबाईंनी देवापुढे ठेवलं आणि लगेच शेजारी देऊन टाकलं, प्रसादालाही ठेवलं नाही.

आबा, तुम्हाला रोज एकदा मनात नमस्कार करते.


आबा चिंचपोकळी
१६ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार नको. चकल्या करशील तेव्हा सांग.


लेडीज स्पेशल
९ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

शंभर दिवस उलटून गेले. परवा लॅबमधून फोन. मुलगा बिचारा गोंधळलेला. म्हणाला, मॅडम, नमुन्याची अदलाबदल झालीय बहुतेक, जुन्या कागदावर बी पॉझिटिव्ह आहे आणि इथे ओ येतंय. शिवाय पेशंट पुरुष लिहिलाय आणि पेशी सगळ्या एक्सएक्स, म्हणजे बाईच्या. मी म्हटलं, नमुना बरोबर आहे, फॉर्मवर ट्रान्सप्लांट लिहायचं राहिलं.

सायक्लोस्पोरिन अजून बरेच महिने चालेल, लसी पहिल्यापासून घ्याव्या लागतील. पण प्लेटलेट १ लाख ३४ हजार, गेले दीड महिना कुणाचंही रक्त न घेता.


कृष्णाकाठ
९ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

नमस्कार, आजच सदस्य झाले. आम्ही साताऱ्याहून. मुलगी चौदा वर्षांची, कालच हे नाव सांगितलंय, प्लेटलेट ९ हजार. मोठा मुलगा आहे, त्याची तपासणी व्हायचीय. काही सुचत नाही. तोच आज तिला रक्त द्यायला निघालाय.


लेडीज स्पेशल
९ नोव्हेंबर, दुपारी ३.३२

त्याला आत्ता फोन करा आणि थांबवा. कारण वर १५ जूनला बिनसाखरेचा यांनी लिहिलंय, ते नंतर वाचा. आधी फोन. मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देते.